रस्त्याकडे तोंड केलेला फळा

अण्णांची आणि माझी पहिली ओळख माझ्या छत्रीमुळे झाली. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसल्यावर नाशिकच्या वेधशाळेत सहायक म्हणून नेमणुकीचे पत्र आले आणि मी इगतपुरीहून सकाळच्या पॅसेंजरने रुजू व्हायला निघाले. इगतपुरीला आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. नाशिक रोडला उतरले तर लख्ख ऊन. वेधशाळेच्या फाटकातून मी शिरले तेव्हा हातात वडिलांची भली मोठी काळी छत्री होती आणि तिच्यातून अजून पाणी ठिबकत होते. अंगणात एका पांढऱ्या जाळीच्या पेटीसमोर एक सावळे, शिडशिडीत गृहस्थ वहीत काही टिपत उभे होते. त्यांनी माझ्याकडे नंतर आणि छत्रीकडे आधी पाहिले.

"इगतपुरीच्या का? काल किती पाऊस झाला तिकडं?"

"लय झाला," मी म्हणाले.

"लय म्हणजे किती मिलिमीटर?"

नोकरी पहिल्याच दिवशी जाते की काय असे मला वाटले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बाई, 'लय' लिहायला आपल्या तक्त्यात जागा नाही. उद्या येताना तिथल्या मापकाचा आकडा विचारून या." मी दुसऱ्या दिवशी आकडा नेला. पुढे ते निवृत्त होईपर्यंत, पावसाळ्यातल्या प्रत्येक सकाळी, "या बाई" म्हणायच्या आधी ते मला इगतपुरीचा आकडा विचारत आले.

श्री. काशिनाथ गांगुर्डे हे नाव कागदोपत्रीच राहिले. वेधशाळेच्या शिपायापासून मालेगाव गाडीच्या कंडक्टरपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. आता अण्णा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. अण्णांबद्दल लिहायचे तर एका गारपिटीबद्दल लिहावे लागते, आणि त्या दिवशी मी काय केले हे अण्णांखेरीज आजवर कोणाला ठाऊक नाही. या ग्रंथाचे वाचक बहुतेक अण्णांच्या फळ्याचेच जुने वाचक असणार. त्यांच्यापासून ते आणखी लपवून ठेवावे असे आता मला वाटत नाही, म्हणून सगळे सुरुवातीपासून सांगते.

वेधशाळा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य येते. आमची वेधशाळा म्हणजे आग्रा रोडलगतची तीन खोल्यांची कौलारू इमारत. पुढे तारेच्या कुंपणातले अंगण, अंगणात पर्जन्यमापक, तापमापकांची ती पांढरी पेटी आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला वेध घ्यायचे, म्हणजे या उपकरणांचे आकडे टिपायचे आणि तारेने वर कळवायचे. उलट बाजूने रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला वरच्या कचेरीची इंग्रजी तार आमच्याकडे यायची. पुढच्या चोवीस तासांत जिल्ह्यात हवा कशी राहील आणि काही इशारा आहे का, एवढेच तिच्यात असे. ती वाचून फाइलला लावली की आमचे काम संपले, असा रिवाज होता. रेडिओवर संध्याकाळी अंदाज लागायचा खरा, पण तो निम्म्या महाराष्ट्राचा एकत्र. त्यातून पिंपळगावच्या द्राक्षबागेने किंवा पेठच्या नागलीच्या वावराने आपल्यापुरते काय ते हुडकून काढायचे.

अण्णांना हा रिवाज पटेना. मी येण्याच्या दोनेक वर्षे आधी त्यांनी एका शाळेतून बाद झालेला फळा मागून आणला, स्वतःच्या हाताने त्याला काळा रंग दिला आणि फाटकाशेजारी रस्त्याकडे तोंड करून ठोकला. त्यावर तीन रकाने आखले. पहिला 'काल काय सांगितले', मधला 'काल काय झाले', तिसरा 'आज काय सांगतात'. सगळ्यांत खाली 'इशारा' अशी एक ओळ. बहुतेक दिवस तिच्यापुढे 'काही नाही' असे असायचे. बागाईतदार मंडळी सायकलवरून जाताना पाय टेकून आधी तीच ओळ वाचायची आणि मग बाकीचे.

पण अण्णांचा खरा जीव होता मधल्या रकान्यात. आपण काल जे सांगितले ते खरे ठरले की नाही, हे दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लिहून ठेवणारी कचेरी मी तरी दुसरी पाहिली नाही. त्यांच्या थोरल्या मुलीचे, उज्ज्वलाचे, लग्न त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारासमोरच्या पटांगणात होते. मे महिना. फळ्यावर 'आकाश निरभ्र'. वऱ्हाडी त्याच भरवशावर आले आणि ऐन जेवणाच्या पंक्ती बसल्यावर अर्धा तास असा काही पाऊस झोडपून गेला की वाढप्यांनी परातीच डोक्यावर घेतल्या. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे असताना अण्णा हजर, आणि मधल्या रकान्यात ठळक अक्षर: 'पाऊस झाला. अंदाज चुकला.' जाणारा येणारा हसत होता. मी अण्णांच्या पत्नी शांतावहिनींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "अहो, घरातसुद्धा हे तसेच. परवा भाजीत मीठ जास्त पडलं, तर काल जेवताना म्हणतात, परवाचं चुकलं होतं, आजचं बरोबर आहे. कौतुक आहे का नोंद, तेच कळत नाही."

मालेगाव गाडी सव्वादहाला आमच्या फाटकासमोर थांबायची. तिचे कंडक्टर बोरसे उडी मारून उतरायचे, "काय शे आज, अण्णा?" असे अहिराणीत ओरडायचे आणि उत्तराची वाट न बघता फळ्यावरचा तिसरा रकाना तिकिटांच्या बुकाच्या पाठीवर उतरवून घ्यायचे. पुढे ओझर, पिंपळगाव, चांदवड अशा प्रत्येक थांब्यावर ते तो मोठ्याने वाचून दाखवत. पिंपळगावच्या थांब्यावरचा हॉटेलवाला तो पाटीवर लिहून चुलीशेजारी टांगून ठेवी. पेठ गाडीचे आणि इगतपुरी गाडीचे कंडक्टरही त्यांचे पाहून तसे करू लागले. अशी आमची साडेनऊची तार दुपारच्या जेवणाआधी जिल्ह्याच्या तीन बाजूंना पोचायची, आणि त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नव्हता की कोणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते.

एकदा मी शहाणपण केले. पावसाळ्यात फळा भिजतो, तर तो आत व्हरांड्यात घेऊ या, ज्याला हवे तो आत येऊन वाचेल, असे सुचवले. अण्णा हाताला लागलेला खडू फडक्याला पुसत म्हणाले, "आमच्या गावात चावडीवर कागद वाचला जायचा तेव्हा माझे वडील बाहेर उभे असायचे. आत काय वाचलं ते, बाहेर येईल त्याला विचारायचे. तो सांगेल ते अर्धं, आणि तेही त्याची मर्जी असली तर. आत या आणि विचारा म्हटलं ना बाई, की काही माणसं विचारतच नाहीत." एवढे बोलून ते कामाला लागले. पुढच्या रविवारी त्यांनी पत्र्याचा एक तुकडा आणून फळ्यावर छोटी पडवी केली, आणि फळा रस्त्याकडेच राहिला.

काम शिकवताना ते फार बोलत नसत. पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या नळीत ओतून आकडा वाचायचा असतो. मी उभ्या उभ्या वाचला की ते म्हणत, "बसा. डोळा पाण्याच्या पातळीला आणा. वरून बघितलं की जास्त दिसतं." मी नव्या साडीत चिखलात बसायला कुरकुरत असे. तेव्हा ते स्वतः बसून दाखवत आणि त्यांच्या धोब्याकडून आलेल्या पांढऱ्या विजारीला चिखल लागला की मलाच ओशाळल्यासारखे होई.

त्यांच्या मायेचे किती प्रसंग सांगू! शनिवारी इगतपुरीची गाडी लवकर सुटायची आणि साडेपाचचा वेध घेऊन मी निघाले की ती हमखास चुकायची. कधी कोणाला न सांगता अण्णांनी शनिवारचा संध्याकाळचा वेध स्वतःकडे घेतला तो घेतलाच. वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांचा पाय यंत्रात सापडून ते नाशिकला दवाखान्यात महिनाभर पडून होते, तेव्हा दोन्ही वेळचा डबा शांतावहिनींचा. वडील सुरुवातीला अवघडले. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारू लागले, "गांगुर्डेबाईंचा डबा आला का गं?" त्या अपघातानंतर वडील घरीच बसले आणि आमच्या पाच माणसांच्या घरात माझा एकच पगार उरला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येतो.

आता नंदूशेठ. शेती औषधांचे मोठे दुकान, द्राक्षांचा व्यापार, बोलणे मधाळ. माणूस वाईट होता असे मी म्हणणार नाही. आमच्या कचेरीत आले की शिपायालाही 'अहो' म्हणत. ऐंशीच्या आगेमागे त्यांनी 'हवामान कार्ड' काढले. वर्षाचे पैसे भरा, रोजचा अंदाज छापील कार्डावर घरपोच. मजकूर आमच्याच फळ्यावरचा. फक्त मधला रकाना त्यात नसे. कार्डे खपेनात, कारण तोच मजकूर रस्त्यावर आणि बोरसेंच्या तोंडून फुकट मिळत होता. मग शेठ अण्णांकडे येऊन बसू लागले. म्हणाले, "अण्णा, फुकटच्या गोष्टीची लोकांना कदर नसते. तार सकाळी मला द्या, फळा संध्याकाळी लिहा. तुम्हाला नवा फळा देतो, भिंत रंगवून देतो, पंखा बसवून देतो."

"तार कोणाच्या पैशानं येते, शेठ?" अण्णांनी विचारले.

"सरकारच्या."

"सरकारकडं ते कुठून येतात?"

शेठ हसले, चहा प्यायले आणि गेले. पण येत राहिले.

कार्ड निघून दोनेक वर्षे झाल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीला अण्णा तीन दिवस पुण्याला प्रशिक्षणाला गेले आणि वेधशाळा माझ्या हाती आली. तिसऱ्या दिवशी सकाळी नंदूशेठ सहज म्हणून आले. मी चहा मागवला. साडेनऊला तारवाला आला. तार उघडली तर दुपारनंतर जिल्ह्याच्या पूर्व भागात वादळी पाऊस आणि गारपीट होण्याचा इशारा. बागा तोडणीला आलेल्या. माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असणार.

"काय आहे, बाई?" शेठनी खुर्चीत पुढे सरकून विचारले.

आणि मी वाचून दाखवले. समोर बसलेला, ओळखीचा, चहा पिणारा माणूस. त्याला सांगू नये असे मनातसुद्धा आले नाही.

मी खडू घेऊन उठले, तर शेठ म्हणाले, "तालुक्यांचे फोन आले का? मधला रकाना?" फोन यायचे होते. मधल्या रकान्यासाठी तालुक्यांहून काल काय झाले ते कळायचे आणि नुसती फोनची वाट बघत बसले तर बाराच्या आत ते पूर्ण होत नसे. रोज अण्णा पहाटेच चार ठिकाणी निरोप पाठवून हे आधी उरकून घेत. मी उरकले नव्हते. आणि अण्णांचा एक कडक नियम होता: अर्धवट फळा लावायचा नाही. जे लिहायचे ते पूर्ण लिहायचे. शेठ अगदी शांतपणे म्हणाले, "अण्णा असते तर अर्धवट लिहिलं असतं का? उगाच घबराट होईल. आकडे येऊ द्या की." मला ते पटले. आम्हा वेध घेणाऱ्या माणसांना रिकाम्या रकान्याची जेवढी भीती वाटते तेवढी गारांचीही वाटत नसावी. शेठ चहा अर्धा टाकून निघून गेले.

सव्वादहाला मालेगाव गाडी आली. बोरसे उतरले. फळा कोरा.

"बाई, फळा?"

"आकडे यायचेत अजून."

"काही खास शे का?"

मी म्हणाले, "फळ्यावर येईल ते."

इंजिन चालू होते. बोरसे क्षणभर थांबले, मान हलवून गाडीत चढले आणि गाडी ओझरच्या दिशेने गेली. आत खुर्चीत बसलेल्या माणसाला मी तार वाचून दाखवली होती आणि बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला मी नियम सांगितला. अण्णांनी मला चावडीची गोष्ट सांगून दोन वर्षेही झाली नव्हती.

फळा दीडला पूर्ण झाला. गारा चारला पडल्या.

ओझर-पिंपळगावच्या कितीतरी बागा शेठनी बोलीवर ठरवल्या होत्या. टोळी शेठची, तोडलेल्या मालाचे वजन होईल तेवढाच माल त्यांचा, तोपर्यंत बाग शेतकऱ्याच्या अंगावर. त्या दिवशी अकरापासून टोळ्या येणार होत्या. एकही आली नाही. वजन झालेला माल वाटेत गारांत सापडला असता तर तोटा शेठचा, वेलीवरचा गेला तर शेतकऱ्याचा. पिंपळगावचे बागाईतदार कारभारी निकम क्रेट मांडून बांधावर चारपर्यंत वाट बघत बसले होते. सकाळी कळले असते तर भावकी बोलावून निम्मी बाग त्यांनी स्वतःच उतरवली असती. गारा थांबल्यावर त्यांच्या बागेत घड वेलीला कमी आणि मातीत जास्त होते.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून थेट वेधशाळेत आले. मी सगळे सांगितले, चहासकट. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, खडू उचलला आणि मधल्या रकान्यात लिहिले: 'गारपीट झाली. इशाऱ्याची तार सकाळी साडेनऊला आली होती. फळ्यावर दुपारी दीडला लिहिला. चूक आमची.' मग त्यांनी ओल्या फडक्याने तळाची 'इशारा' ही ओळ पुसली आणि सगळ्यांत वर, रकान्यांच्याही वर, लिहिली. म्हणाले, "आजपासून इशारा आधी. बाकीचं रिकामं राहिलं तरी चालेल." स्वतःचा इतक्या वर्षांचा नियम त्यांनी अशा रीतीने मोडला.

नंदूशेठनी फोटोग्राफर आणून त्या 'चूक आमची'चा फोटो काढून घेतला. तो जोडून त्यांनी वर अर्ज केला की फळा बेभरवशाचा आहे हे कचेरीनेच मान्य केलेले असल्याने तो बंद करावा, तार रोज आम्हाला द्यावी, आम्ही ती जबाबदारीने छापून पोचवू. नियमांत फळ्याचा कुठे उल्लेख नाही, हेही त्यात होते आणि ते खरेच होते. दोन महिन्यांनी चौकशीसाठी एक वरिष्ठ साहेब आले. नंदूशेठ आले. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापैकी कारभारी निकमांना बोलावले होते. ते फळ्याविरुद्ध बोलतील असाच सगळ्यांचा होरा होता. दुपारभर बोलणी चालली. कारभारी कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन ऐकत होते.

साहेबांनी तो फोटो टेबलावर ठेवला. "गांगुर्डे, हे लिहायची काय गरज होती?"

"झालं ते लिहायचा रकाना आहे, साहेब."

"तुम्ही तर त्या दिवशी पुण्याला होता. मग उशीर कोणी केला?"

मी उठून उभी राहिले. तोंड उघडले. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "बाई, साडेपाचला पाच कमी आहेत. वेध." वेध कोणत्याही कारणासाठी चुकवायचा नाही हे माझ्या हाडात भिनलेले. मी वही घेऊन बाहेर पडले. पाठीमागे अण्णा सांगत होते, "फळा पूर्ण झाल्याशिवाय लावायचा नाही, हा नियम माझा होता. कचेरीत त्या दिवशी कोणीही असतं तरी उशीर झाला असता. जबाबदारी माझी."

मी पेटीसमोर उभी होते. हवेतला दमटपणा मोजणाऱ्या, ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा मी तीनदा वाचला आणि तीनदा वेगळा आला. खिडकी उघडी होती. कारभारींचा खर्जातला आवाज अंगणात स्पष्ट येत होता.

"साहेब, माझी बाग गेली. फळा येळेवर लिवला आस्ता तर निम्मी वाचली आस्ती, ह्ये खरं हाय. पन शेठच्या कारडाचे दोन वर्सं पैशे भरले म्या. त्ये बी लय येळा चुकलं. चुकलं म्हून एकदा तरी छापलं का त्येन्नी? ह्या फळ्यानं सोता लिवलं. ज्यो चूक लिवतो त्येचंच दुसऱ्या दिवशी खरं वाटतं मला. फळा ऱ्हाऊ द्या. आन त्या दिवशी टोळी का नाय आली, त्येवढं शेठला इचारा."

मी चौथ्यांदा आकडा वाचला, लिहिला आणि आत गेले तेव्हा शेठ चपला शोधत होते.

फळा राहिला. तार हाती पडताच इशारा आधी सर्वांसाठी जाहीर लावावा, मग तो कोणालाही द्यावा, असा लेखी हुकूम महिन्याभरात आला आणि अण्णांनी तो चौकटीत बसवून टेबलामागे टांगला. त्याच पाकिटात अण्णांच्या सेवापुस्तकासाठी एक शेराही होता, कामात ढिलाईचा. त्यामुळे पुण्याची बढती त्या वर्षी हुकली आणि नंतरही आलीच नाही. विचारले तर म्हणत, "बरं झालं. पुण्यात द्राक्षं कुठं आहेत?" नंदूशेठची कार्डे पुढच्या हंगामात बंद झाली.

मी त्यांना एकदाच विचारले की मला का बोलू दिले नाही. ते म्हणाले, "तुमच्या घरी एकच पगार येतो. शेरा मी झेलीन. आणि सांगावंसं वाटेल तेव्हा तुम्ही सांगालच की. फळ्यावर जागा आहे." मी सांगितले नाही. कारभारी निकम पुढे दर हंगामात पहिल्या घडांच्या दोन करंड्या घेऊन यायचे, एक अण्णांना आणि एक मला. "बाई, तुमी लय कष्ट घेता," म्हणायचे. ती द्राक्षे मी घरी नेत असे आणि एकही तोंडात घालत नसे. मला सांगायचे होते, खरेच सांगायचे होते, आणि दर वर्षी मी नुसते 'गोड आहेत' म्हणत गेले.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा फळा माझ्याकडे आला. मीही निवृत्त झाले. आता अंदाज टीव्हीवर दिवसभर चालू असतो. तरी कॉलनीतल्या अण्णांच्या घराच्या कुंपणभिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, एक छोटी पाटी आहे. सकाळी वर्तमानपत्र वाचून ते तिच्यावर तीन रकाने भरतात. शांतावहिनी म्हणतात, "वाचतं कोण?" पण मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा दूधवाला सायकलवर पाय टेकून वाचत उभा होता. कारभारींचा मुलगा या समितीत आहे. कारभारी स्वतः थकले आहेत, पण लेख कोणीतरी त्यांना वाचून दाखवेलच.

अण्णा, तुम्ही म्हणाला होता जागा आहे. ती इतकी वर्षे तुम्ही रिकामी ठेवलीत. आज मी ती भरते, तुमच्याच क्रमाने.

इशारा: काही नाही.

काल काय सांगितले: 'चूक आमची.'

काल काय झाले: इशाऱ्याची तार साडेनऊला माझ्या हातात होती. ती मी खुर्चीतल्या माणसाला वाचून दाखवली आणि बोरसे कंडक्टरांना सांगितली नाही. कारभारी, चूक माझी. निर्मला पाटोळेची.

आज काय सांगतात: अण्णांची प्रकृती ठणठणीत, हात स्थिर, अक्षर ठळक. शांतावहिनींच्या हातचे जेवण दोन्ही वेळा, मीठ बेताचे. हे असेच पुष्कळ वर्षे राहील. अंदाज बरोबर आला की नाही, हे अण्णांनी उद्या सकाळी स्वतःच्या हाताने मधल्या रकान्यात लिहावे, आणि परवाही लिहावे, आणि आम्ही रस्त्यावरून जाता येता पाय टेकून ते वाचत राहावे.